दहा दिवसांची जखम, सतरा दिवसांची तोड

उसाच्या फडात कोयता पायावर बसला आणि दहा दिवस फडावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, पडून राहावे लागले, तर बीडच्या एका जोडप्याला त्याचे १२,३२० रुपये पडतात. यात टाके, इंजेक्शन, गोळ्या किंवा गाडीभाडे यांतला एक रुपयाही धरलेला नाही.

हिशेब असा. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखाने आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि टनामागे २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. नवराबायकोच्या जोडीला फडाच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. एक कोयता दिवसाला दोन टनांपर्यंत ऊस तोडतो, म्हणजे रोजचे ७३२ रुपये. दहा दिवस काम थांबले की ७,३२० रुपये बुडाले. त्यावर खाडा. कामावर न गेलेल्या दिवसासाठी मुकादम जो दंड कापतो त्याला खाडा म्हणतात, आणि तो दिवसाला ५०० ते १,००० रुपये असतो. कमी दर धरला तरी दहा दिवसांचे ५,००० झाले. एकूण १२,३२०. याला रोजच्या ७३२ ने भागले की १६.८ येतात. दहा दिवस बसलेली जोडी मूळ जागी यायला सतरा दिवस तोड करते. खाडा १,००० चा असेल तर नुकसान १७,३२० रुपये आणि भरपाईची तोड २४ दिवसांची.

जखम एकालाच होते, मग दुसऱ्याने काम चालू ठेवले तर? तेव्हा तो ‘अर्धा कोयता’ होतो. मजुरी निम्मी बुडते, खाडाही निम्मा धरला तर नुकसान ६,१६० रुपयांवर येते. पण तोड हे दोघांचे काम आहे. एक जण बुडातून ऊस छाटतो, दुसरा वाढे काढून मोळी बांधतो आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेतो. एकट्या माणसाकडून एक टन होईल, हे गृहीतक उदार आहे.

दर वाढला, हे खरे. दोन टनांच्या दिवशी माणशी ३६६ रुपये पडतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती, म्हणजे तोडीचा दिवस २३ टक्क्यांनी वरचा. मात्र रोजगार हमीवर गैरहजर राहिले तर त्या दिवसाची मजुरी तेवढी मिळत नाही. फडात न मिळालेल्या मजुरीवर दंडही बसतो. या दोन कामांतला फरक त्या वर्षी निरोगी दिवशी ६९ रुपयांचा होता. आजारी दिवशी तो उलट फिरतो.

एवढा दंड मजूर सोसतो, कारण तो उचल घेऊन आलेला असतो. हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी ही आगाऊ रक्कम एका कोयत्यामागे ५० हजारांपासून दीड लाखापर्यंत जाते. मध्यम म्हणून एक लाख धरू. ३६६ च्या दराने एक लाख फेडायला २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे रोज दोन टनांनी १३७ दिवस. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सुरू होऊन मार्चअखेर चालला तर त्याचे १५१ दिवस होतात. हाताशी १४ दिवस उरतात. त्यांत पाऊस, गाडी न येणे, एका फडातून दुसऱ्या फडात बस्तान हलवणे आणि आजारपण, सगळे बसवायचे.

आणि हंगाम मार्चअखेर चालेलच असे नाही. २०२३-२४ मध्ये राज्यात सुमारे १,०७५ लाख टन उसाचे गाळप झाले होते. २०२४-२५ मध्ये ते सुमारे ८५० लाख टनांवर आले, २१ टक्क्यांची घट. साखर ११० लाख टनांवरून ८१ लाख टनांवर घसरली. गाळपाला मुळात १५ नोव्हेंबरला सुरुवात झाली आणि बरेच कारखाने फेब्रुवारीतच बंद होऊ लागले. राज्यात तोडीचे मजूर १० लाख, म्हणजे ५ लाख कोयते धरले, आणि सगळा ऊस हातानेच तुटला असे मानले, तर एका कोयत्याच्या वाट्याला त्या वर्षी १७० टन आले. आदल्या वर्षी २१५ आले होते. १७० टनांचे ६२,२२० रुपये होतात. एक लाखाच्या उचलीतले जवळपास ३८ हजार अंगावर राहिले आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळले. यंत्राने तुटलेला ऊस वजा केला की वाटा आणखी घटतो. सरासरीचा हा हिशेब ढोबळ आहे, पण एक गोष्ट तो स्पष्ट दाखवतो. हंगाम आखूड झाला की उचल तेवढीच राहते, तोडीचे दिवस कमी होतात, आणि पडून राहिलेला प्रत्येक दिवस महाग होतो.

आता ही माणसे किती, ते पाहू. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९, क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११. जिल्हा आरोग्य विभागाच्या नोंदींतून जून २०२५ मध्ये समोर आलेल्या आकड्यांनुसार दरवर्षी सुमारे १ लाख ७५ हजार जण तोडीला बाहेर पडतात आणि त्यांत ७८ हजार महिला असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात बेळगावी, बागलकोट, असे ते विखुरतात. संघटना आणि वार्तांकने मात्र बीडमधून जाणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या घरात सांगत आली आहेत. दोन आकड्यांत जवळपास तिपटीचा फरक आहे. औषध, रुग्णवाहिका, विमा यांचे नियोजन करताना भागाकार यातल्या कोणत्या संख्येने करायचा, हे ठरल्याशिवाय पुढची कोणतीही टक्केवारी पक्की होत नाही. या लेखात सरकारी आकडाच धरला आहे. तो लहान आहे, म्हणून प्रशासनाच्या बाजूने झुकणारा आहे.

७८ हजारांपैकी ४६,२३१ महिलांची आरोग्य तपासणी झाली. हे प्रमाण ५९ टक्के. तपासणीत ३,४१५ जणींना रक्तक्षय आढळला, त्यांपैकी ७३ जणींना तीव्र. १,५२३ गर्भवती महिला फडात काम करत होत्या, म्हणजे तपासलेल्या दर तिसाव्या बाईच्या पोटात बाळ होते आणि डोक्यावर मोळी. ८४३ महिला गर्भाशय काढून टाकल्यानंतर तोडीला गेल्या. त्यांपैकी ४७७ जणी, म्हणजे ५७ टक्के, ३० ते ३५ वर्षांच्या.

या आकड्यांपैकी रक्तक्षयाचा मला सर्वांत जास्त खटकतो, आणि त्यावर चर्चा सर्वांत कमी झाली. ४६,२३१ मध्ये ३,४१५ म्हणजे ७.४ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता. दिवसाचे बारा-चौदा तास ऊस तोडणाऱ्या, भाकरी आणि चटणीवर दिवस काढणाऱ्या बायका राज्यातल्या सरासरी बाईपेक्षा सातपट निरोगी असतील, यावर विश्वास ठेवणे शक्य नाही. मोजण्याची पद्धत वेगळी असेल, मर्यादा वेगळी धरली असेल, तरी ७ आणि ५४ मधले अंतर पद्धतीने भरून निघत नाही. प्रत्येकीचे हिमोग्लोबिन खरोखर तपासले गेले असते, तर आकडा ३,४१५ नव्हे, २० हजारांच्या वर जायला हवा होता. तोडीला निघण्यापूर्वीची तपासणी ही मजुराची हंगामभराची शिदोरी असते. ज्या बाईचे रक्त निघतानाच कमी आहे, तिला फडात झालेली जखम उशिरा भरते, आणि प्रसूतीत झालेला रक्तस्राव तिच्या जिवावर बेततो.

८४३ चा आकडा वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आजवर शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्या मिळून ८४३. दुसरा, एका वर्षात झालेल्या ८४३. कोणता बरोबर, ते जुन्या आकड्यांशी ताडून पाहता येते. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले होते की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढली गेली. वर्षाला १,५३५, एका रुग्णालयामागे तीन वर्षांत ४७. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांशी बोलून समितीला १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण १६.८ टक्के. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्याचे प्रमाण २.६ टक्के होते. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य करूनही साडेसहा पटींचा फरक उरतो.

आता ताळा घेऊ. ८४३ हा एकूण आकडा मानला तर ७८ हजारांशी त्याचे प्रमाण १.१ टक्के आणि तपासलेल्यांशी १.८ टक्के येते. म्हणजे सहा वर्षांत १६.८ टक्क्यांवरून दोनच्याही खाली. काढलेले गर्भाशय परत येत नाही. त्यामुळे इतकी घसरण होण्यासाठी २०१९ मधल्या जवळजवळ सगळ्या शस्त्रक्रिया झालेल्या महिलांनी तोड सोडलेली असायला हवी. त्यांपैकी अनेक जणी तेव्हा तिशी-पस्तिशीत होत्या, आज चाळिशीत असतील. उचल डोक्यावर असताना चाळिशीत तोड सुटत नाही. दुसरा अर्थ घेतला, म्हणजे ८४३ हा एका वर्षाचा आकडा धरला, तर १.१ टक्के दराने पंधरा वर्षांत १६ टक्के होतात. हे प्रमाण २०१९ च्या १६.८ टक्क्यांशी जुळते. म्हणून मला दुसरा अर्थ बरोबर वाटतो. आणि तो बरोबर असेल, तर समिती, खासगी रुग्णालयांवर घातलेली जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आणि सहा वर्षे यांच्यानंतरही वेग फारसा बदललेला नाही.

या शस्त्रक्रियेचा फडातल्या जखमेशी थेट संबंध आहे, आणि तो खाड्यातून जातो. पाळीचे दोन दिवस काम थांबले तर महिन्याला दोन खाडे, पाच महिन्यांत दहा. ५०० च्या दराने ५,००० रुपये, बुडालेली मजुरी वेगळी. पोटात दुखते, अंगावरून जाते, तपासायला फडावर कोणी नाही, आणि तालुक्याच्या गावी जाण्यात एक दिवस जातो. तेव्हा गावाकडचा खासगी दवाखाना सांगतो की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. हंगामात जो उपचार परवडत नाही तो हंगामाआधी कायमचा उरकला जातो. हिशेब मात्र चुकतो. समितीला आढळलेल्या १३,८६१ महिलांपैकी ६,३१४ जणींना, म्हणजे ४५.६ टक्क्यांना, शस्त्रक्रियेनंतर शारीरिक किंवा मानसिक त्रास सुरू झाले होते. खाडा टाळण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने जवळपास निम्म्या जणींना नवे दुखणे दिले. तिशीत या टोकाला पोचण्याची सुरुवात लग्नापासून होते. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के महिलांचे लग्न अठरापूर्वी झाले होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के, बीडचे जवळपास दुप्पट.

आता हंगामाच्या आतल्या अपघाताकडे येऊ. कोयत्याचा घाव, ट्रॉलीवरून पडणे, भरल्या मोळीखाली मान मुरगळणे, चिखलात बैलगाडी उलटणे. आणि साप. कोपी पाचटाची किंवा ताडपत्रीची, निजणे जमिनीवर, गाडी भरायला रात्री-पहाटे उठणे, हे सगळे सापाच्या वेळेशी आणि जागेशी जुळते.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने अंदाजे १२ लाख मृत्यू झाले, वर्षाला सरासरी ५८ हजार. जवळपास निम्मे ३० ते ६९ वयाचे, म्हणजे कमावते. त्याआधीच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि ७७ टक्के दवाखान्याबाहेर झालेले. हा ७७ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्पदंशाने मरणाऱ्या चारांपैकी तिघांचा मृत्यू दवाखान्यात होतच नाही. दोन गोष्टी दुसऱ्या बाजूनेही सांगायला हव्यात. ज्या आठ राज्यांत ७० टक्के मृत्यू झाले त्यांत महाराष्ट्र नाही. आणि सर्पदंशाचे मृत्यू सर्वाधिक पावसाळ्यात होतात, तोड त्यानंतर सुरू होते. पण याचा अर्थ मजुराचा धोका टळला असा नाही. पावसाळ्यात तो गावाकडच्या शेतात असतो, थंडीत उसाच्या फडात. त्याची वर्षभर सापाशी गाठ असते. शहरातल्या माणसाच्या वाट्याला हे येत नाही.

औषध आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते. एका कुपीत १० मिलिलिटर, आणि एक मिलिलिटर घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडतो. भागाकार केला की साडेदहा कुप्या येतात. राष्ट्रीय उपचार पद्धतीत सुरुवात १० कुप्यांपासून का होते, ते यातून कळते. एकूण गरज २५ कुप्यांपर्यंत जाऊ शकते. घोणसाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी कलती करून पाहायचे. रक्त पातळच राहिले तर विष चढले आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. म्हणजे जीव वाचवायला लागणारे सामान असे: एक काचनळी, दहा कुप्या, सलाइन आणि प्रतिसर्पविषाची ॲलर्जी उलटली तर ती सावरू शकणारा डॉक्टर. यात महाग काही नाही. माणूस वेळेत तिथे पोचणे एवढेच अवघड.

वेळेत पोचल्यावर काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरले. ज्या गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत होते, ते एका टक्क्याच्या आसपास आले. गोळी तोंडाने घ्यायची, किंमत किरकोळ. फरक पडला तो रुग्ण लवकर येऊ लागले आणि आल्या आल्या औषध मिळू लागले यामुळे. ऑस्ट्रेलियात हेच अंतर विमानाने कापले गेले. क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी या गावाहून १७ मे १९२८ रोजी उडत्या डॉक्टरांच्या सेवेचे पहिले उड्डाण झाले. आज जगातले काही अतिविषारी साप असलेल्या त्या देशात सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला सरासरी दोनच्या आसपास आहेत. लोकसंख्येचा फरक मोठा आहे, शेतीत हाताने काम करणारे तिथे थोडे आहेत, पण निर्जन प्रदेशात पडलेल्या माणसापर्यंत डॉक्टर पोचवण्याचे काम त्या देशात १९२८ मध्येच सुरू झाले.

आपल्याकडे ते काम १०८ चे. २०१४ मध्ये राज्यात ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत. निकष असा की मूलभूत रुग्णवाहिका एक लाख लोकसंख्येमागे एक आणि प्रगत पाच लाखांमागे एक. २०११ च्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येला भागले तर प्रगत ४ लाख ८२ हजारांमागे एक पडते, म्हणजे निकष पूर्ण. मूलभूत १ लाख ६० हजारांमागे एक, म्हणजे ३७ टक्क्यांची तूट. ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचण्याचे उद्दिष्ट होते. मात्र लोकसंख्येवर आधारलेल्या निकषात हंगामी माणूस बसत नाही. बीडचे १ लाख ७५ हजार लोक पाच महिने बीडच्या भागाकारात राहतात आणि प्रत्यक्षात वारणेच्या किंवा कृष्णेच्या काठी असतात. फोनवर गाव सांगता येते, गट क्रमांक सांगता येत नाही, आणि फड आठवड्याने बदलतो. सीमा ओलांडली की १०८ हा आकडा तोच राहतो, पण उचलणारी सेवा कर्नाटकची, २००८ पासून चालणारी ‘आरोग्य कवच’, आणि भाषा कानडी.

दवाखान्यात पोचल्यानंतरची परिस्थिती कागदावर चांगली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांत उपचार नि:शुल्क झाले. प्राथमिक केंद्रात टाके घालायला, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला बीडचे रेशनकार्ड लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाची असल्याने या निर्णयाबाहेर राहिली, आणि बीडकरांच्या ओळखीचे मोठे रुग्णालय म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच गटात मोडते. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले, उपचार ९९६ चे १,३५६ झाले. सीमाभागासाठी कर्नाटकच्या चार जिल्ह्यांत १० रुग्णालये जोडण्याचेही ठरले: बेळगावी, कारवार, कलबुर्गी, बिदर. या यादीत बागलकोट नाही. बागलकोटच्या फडात हाड मोडलेल्या मजुराकडे केंद्राचे आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालते. 

अपघाताच्या योजना आणखी अरुंद आहेत. ५ मे २०२५ पासून केंद्राने रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडविरहित उपचार दिले. अट अशी की अपघात मोटार वाहनामुळे आणि रस्त्यावर झालेला हवा. ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यावर उलटली तर मजूर या अटीत बसतो. तीच ट्रॉली फडात उलटली तर रस्ता नाही. बैलगाडी उलटली तर मोटार नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख मिळतात. सर्पदंश, विंचूदंश, वीज, सगळे त्यात येते, वय १० ते ७५. पात्रता सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. कोरडवाहू दोन एकर नावावर असलेला मजूर बसतो, भूमिहीन बसत नाही, आणि तिसरे माणूस तोडीला गेले असेल तर तेही बसत नाही. कामगार राज्य विम्यात साखर उत्पादन हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत येते आणि हंगामी कारखाने त्याबाहेर राहतात. फडातला मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. त्याला कामावर आणणारा मुकादम असतो.

म्हणून ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र महामंडळाची गरज होती, आणि तेही गोपीनाथ मुंडे यांच्याच नावाने झाले.  महामंडळाच्या निधीसाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे सूत्र ठरले. या सूत्राने २०२४-२५ च्या ८५० लाख टनांवर ८५ अधिक ८५, असे १७० कोटी होतात. आदल्या वर्षीच्या गाळपावर २१५ कोटी झाले असते. १० लाख मजुरांत १७० कोटी म्हणजे माणशी १,७०० रुपये. यातून वसतिगृह, विमा, आरोग्य, सगळे. आणि सूत्राची रचना अशी की ऊस कमी झाला, मजुराची कमाई घटली, त्याच वर्षी त्याचा कल्याणनिधीही ४५ कोटींनी घटतो. जो निधी पडत्या वर्षी वाढायला हवा, तो पडत्या वर्षी कमी होतो. माझ्या मते टनाऐवजी कोयत्यामागे ठरावीक रक्कम लावली तर ही चूक दुरुस्त होईल. एका कोयत्यामागे ४,००० रुपये धरले तर ५ लाख कोयत्यांचे २०० कोटी होतात, आणि प्रत्येक कारखान्याला आपले कोयते मोजून नावानिशी लिहावे लागतील. आज जो आकडा पावणेदोन लाख की पाच लाख यात अडकला आहे, तो त्या एका नोंदवहीत सुटेल.

खाड्याला मात्र निधी लागत नाही. जखमी दिवसाचा दंड कापायचा नाही, एवढे एक कलम दराच्या पुढच्या करारात घातले, तर दहा दिवसांच्या जखमेची किंमत १२,३२० वरून ७,३२० वर येते, म्हणजे ४१ टक्क्यांनी कमी. सर्पदंशाच्या संशयावरून दवाखान्यात घालवलेली एक रात्र फुकट ठरली तरी तिचे ५०० रुपये मागितले जाणार नाहीत. ७७ टक्क्यांच्या त्या आकड्यात ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून थांबलेली माणसे असतात.

फडात मेलेल्या मजुराची अकस्मात मृत्यूची नोंद जिथे घटना घडली त्या पोलीस ठाण्यात होते. घोणस चावून सांगलीत गेलेला बीडमधल्या धारूरचा माणूस सांगलीच्या आकड्यात जातो, बागलकोटचा कर्नाटकच्या. बीडच्या आरोग्य विभागाच्या जाहीर झालेल्या आकड्यांत गर्भाशय आहे, रक्त आहे, गर्भ आहे. जखम त्यांत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला की मजुरांच्या टोळ्या परततात. त्या वेळी प्रत्येक कोयत्याला दोनच प्रश्न विचारायचे आहेत: हंगामात दुखण्याने किती दिवस गेले, आणि त्यांचा खाडा किती कापला.